निष्काम कोणी व्हायचं?

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. माझी बहुतेक नोकरी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर झाली. शाळेच्या आवारातच एका खोलीत माझी पत्नी अंगणवाडी चालवायची. पोर सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्या हाताखाली, मग माझ्या. तिने ज्यांना वजनकाट्यावर तोललं, तीच मुलं पुढे माझ्यासमोर बसून पाढे म्हणायची. गावही आम्हाला जोडीनेच हाक मारायचं, गुरुजी आणि बाई.

आता दोघंही घरी आहोत. माझ्या खात्यात दरमहा पेन्शन जमा होते. तिला निवृत्त होताना एकदाच काय ते पैसे मिळाले आणि तिचा हिशेब तिथेच मिटला.

मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलो, म्हणून जुन्या पेन्शनमध्ये बसलो. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता. उद्या मी गेलो, तर हिला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईल. नेहमीच्या दराने ते शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं. ही आधी गेली, तर तिच्या नोकरीतून मला दरमहा एक पैसाही येणार नाही. तिने तीसेक वर्षं जे काम केलं, त्यावर तिला पेन्शन नाही. माझ्या मरणावर मात्र आहे. सरकारी वहीत तिला जागा मिळते ती गुरुजींची विधवा म्हणून. गावची पोरं जगवणारी बाई म्हणून तिथे तिच्यासाठी रकाना नाही.

मला हे सोसत नाही. हा नुसता पैशाचा प्रश्न आहे असंही मी मानत नाही. हा धर्माचा प्रश्न आहे, आणि धर्माच्याच भाषेत त्याचं उत्तर शोधलं पाहिजे, कारण हा अन्याय धर्माच्याच भाषेत झाकला जातो.

आमच्या भागातल्या दिंड्या पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातात. गावोगाव सप्ताह बसतात. कीर्तनाच्या शेवटी कधी कधी अंगणवाडीच्या बायांचा सत्कार होतो. साडी, नारळ, टाळ्या. आणि एक वाक्य हमखास येतं, ताई, तुम्ही केली ती सेवा, सेवेचं मोल होत नसतं. बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो. बायाही डोळे पुसत नारळ घेतात. पण हेच वाक्य निवृत्तीनंतर हिशेबाच्या वेळी समोर येतं, तेव्हा त्याचा अर्थ होतो की तुमचं आमच्याकडे काही निघत नाही. माझा सत्कार झाला तेव्हा कोणी मला असं म्हणालं नाही. गुरुजींचं कामही पुण्याचंच मानतात, तरी त्यांची पेन्शन मंजूर झाली का, हे प्रत्येकाने आवर्जून विचारलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगितलं आहे. मी ते वाचत आलो आहे आणि मानतोही. पण ते सांगितलं आहे कोणाला? कर्म करणाऱ्याला. जो करतो त्याने फळाला चिकटू नये, ही त्याच्या मनाची साधना आहे. जो दुसऱ्याकडून काम करून घेतो, त्याला तिथे कोणतीही सूट दिलेली नाही. उलट पुढच्याच, तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगताना, जो घेतो आणि घेतल्याबद्दल परत काही देत नाही, त्याला सरळ चोर म्हटलं आहे. हे दोन्ही अध्याय एकत्र वाचले पाहिजेत. करणाऱ्याने मागू नये आणि घेणाऱ्याने बुडवू नये. आपण पहिला अर्धा भाग बायकांना शिकवला आणि दुसरा अर्धा स्वतःला शिकवायचा राहून गेला.

आपली वारकरी परंपरा तर याहून स्पष्ट आहे. जनाबाई दळायला बसली की विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरतो. या कथा चमत्कार म्हणून सांगितल्या जातात, पण मला त्यांत एक कडक नियम दिसतो. ज्याने सेवा घेतली, तो देव असला तरी त्याने नुसतं घेत बसायचं नाही. भक्ताने मागितलं नाही, म्हणून देव ऋणातून सुटला नाही. देवालाही जी सवलत नाही, ती शासनाला आणि समाजाला कुठून मिळाली?

तिचं काम काय होतं, ते मी शेजारच्या खोलीतून रोज पाहिलं आहे. बाहेरच्या माणसाला अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि बडबडगीतं वाटतात. जव्हार-मोखाड्यात अंगणवाडी म्हणजे मूल जगतं की नाही, याची रोजची राखण. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि आमच्या डोंगराचं नाव देशभर पोचलं, ते असं. त्यानंतर मंत्री आले, अधिकारी आले, योजना आल्या. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली. प्रत्येक योजना शेवटी ज्या एका हातातून पुढे जाते, तो हात सेविकेचा आणि तिच्या मदतनिसाचा.

दंडाचा घेर मोजायची पट्टी मी तिच्या हातात कितीदा पाहिली आहे. पोराचा डावा हात सैल सोडायला लावायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी फिरवायची, आवळायची नाही आणि ढिली ठेवायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की पट्टीवर लाल रंग येतो. लाल आलं की तिचा चेहरा बदलायचा. त्या पोराच्या आईला गाठायचं, तिला पटवायचं, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात घेऊन जायचं. आई म्हणणार, घरी दुसरी दोन आहेत, त्यांना कोण बघणार? मग त्या दोघांची सोय लावायची. हे काम कोणत्याही रजिस्टरात लिहिलं जात नाही.

दिवाळी झाली की वीटभट्टीवर न्यायला टेम्पो यायचे. भिवंडी, वसईकडे कुटुंबंच्या कुटुंबं निघायची, ती होळीच्या सुमारास परतायची. टेम्पोत सामान चढत असताना ही धावत जाऊन लहान मुलांची वजनं एका चिठ्ठीवर लिहून आयांच्या हातात द्यायची. तिकडच्या अंगणवाडीत दाखवा, पोराला आहार मिळेल, असं दहादा बजावायची. एका आईने ती चिठ्ठी चोळीत जपून ठेवली आणि होळीला परत आल्यावर, घामाने अक्षरं फिसकटलेली तशीच आणून दिली. पोर पाठीशी होतं, वजन थोडं वाढलेलं. त्या दिवशी हिला जो आनंद झाला, त्याला मोल नाही हे मलाही मान्य आहे. पण आनंदाला मोल नाही म्हणून श्रमालाही मोल नाही, ही उडी मारायचा अधिकार कोणाला?

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविका आणि मदतनीस मानसेवी मानल्या गेल्या. गावातलीच बाई, घरचं आवरून चार तास येणार, तिला थोडं मानधन द्यायचं, असा तो विचार. बाईचं उत्पन्न वरकड असतं, तिच्या म्हातारपणाची काळजी नवरा आणि मुलगा घेतील, हे त्यात गृहीत धरलेलं. कामं वाढत गेली. लसीकरण, गृहभेटी, पूर्वप्राथमिक शिक्षण, सर्वेक्षणं, मोबाइलमध्ये भरायची माहिती. हुद्दा मात्र जिथे होता तिथेच राहिला. २००६ मध्ये कर्नाटकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या बाया सरकारी पदावर नाहीत.

मग २५ एप्रिल २०२२ ला चित्र पालटलं. गुजरातच्या दाहोदमधल्या, म्हणजे आमच्यासारख्याच आदिवासी मुलखातल्या सेविकांनी ग्रॅच्युइटीसाठी लढा दिला होता. मणिबेन मगनभाई भारिया यांच्या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात त्या हरल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अन्नसुरक्षा कायद्याने ठरवलेलं काम या बाया करतात, अंगणवाडी ही १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालची आस्थापना आहे, आणि मानधन म्हटलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच आहे, असं न्यायालयाने सांगितलं. थकलेल्या रकमेवर १० टक्के सरळ व्याजही द्यायला लावलं. न्यायमूर्ती ओक आपल्या ठाण्याचे. हा निकाल मी घरात मोठ्याने वाचून दाखवला होता.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. समजा, शेवटचं मानधन १३ हजार आणि सेवा ३० वर्षं. एका वर्षाचे होतात साडेसात हजार, ३० वर्षांचे २ लाख २५ हजार. आपल्या राज्यात सेविकेला निवृत्तीनंतर एकरकमी १ लाख आणि मदतनिसाला ७५ हजार, अशी पद्धत बरीच वर्षं चालत आली. हे आकडे शेजारी शेजारी मांडले, की सत्काराच्या नारळाने किती भरपाई होते ते कळतं. आणि ग्रॅच्युइटी मिळाली तरी ती एकदाच. म्हातारपण दर महिन्याला येतं.

मग दर महिन्याचं काय? २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आली. साठीनंतर दरमहा ३ हजार. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ५५ रुपये भरायचे, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये. जेवढे आपण भरू तेवढेच सरकार भरणार. पुरुष आणि बाई यांना दर सारखाच. कागदावर चोख समता. पण प्रवेशाचं वय १८ ते ४०. ज्या बाया वीस-पंचवीस वर्षं राबून पन्नाशीला आल्या होत्या, त्यांच्यासाठी दार उघडलं तेच बंद होऊन. उरलं श्रावणबाळ योजनेचं अनुदान, दरमहा दीड हजार, तेही गरिबी सिद्ध केल्यावर.

श्रावणबाळाचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याच्या कावडीत एका बाजूला बाप होता, दुसऱ्या बाजूला आई. दोन्ही पारडी सारखी असतील तरच कावड खांद्यावर ठरते. आपण ती कथा मुलांना सांगतो, योजनेला ते नाव देतो, आणि आईच्या बाजूची दोरी तोडून टाकून कावड चालवायला बघतो.

जगात हा वाद कसा झाला, तेही पाहिलं पाहिजे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्यात बायकांकडून पेन्शन फंडासाठी पुरुषांपेक्षा जवळजवळ १५ टक्के जास्त वर्गणी कापली जायची. कारण काय, तर बायका सरासरीने जास्त जगतात. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. बायकांचा समूह जास्त जगत असेल, पण समोरची ही एक बाई किती जगेल हे कोणालाच ठाऊक नाही. तिच्याकडे सरासरी म्हणून नाही, माणूस म्हणून पाहा, असा त्याचा गाभा. युरोपात १९९० च्या १७ मेला बार्बर प्रकरणाचा निकाल लागला, तो पुरुषाच्या बाजूने. डग्लस बार्बर यांना ५२ व्या वर्षी कामावरून कमी केलं. त्या वयाच्या बाईला लगेच पेन्शन मिळाली असती, पुरुषाला ५५ पर्यंत थांबायचं होतं. पेन्शन हा पगाराचाच भाग आहे, तिच्यात स्त्री-पुरुष भेद चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल ऐकायला बार्बर हयात नव्हते. लढा त्यांच्या पत्नीने पुढे नेला. त्या निकालातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. ती कामाच्या दिवशीच कमावलेली असते, हातात पडते उशिरा एवढंच.

पण त्या दोन्ही ठिकाणी बायका आणि पुरुष एकाच योजनेच्या आत होते. आत दोघांना वेगळं माप का, एवढाच प्रश्न होता. आमच्याकडे प्रश्न उंबरठ्यावरचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे, ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपणी आधार देण्याची जबाबदारी आहे. पण समान कामाची तुलना कोणाशी करायची? अंगणवाडीची जागा नियमानेच फक्त बाईची. तिथे पुरुष नाहीच. तुलनेला पुरुष नाही, म्हणून अन्यायही नाही, असा विचित्र हिशेब होतो. एखादं काम पूर्णपणे बायकांच्या हाती सोपवायचं, मग त्याला नोकरीच म्हणायचं नाही, आणि नोकरी नाही म्हणून पेन्शन नाही. योजनेच्या आतली समता मग कितीही निर्मळ असो, तिचा त्या बाईला उपयोग काय?

कोणी म्हणेल, पोलीस पाटीलही मानधनावर आहे, होमगार्डही आहे, ते तर बहुतेक पुरुष. खरं आहे. त्यांच्यावर अन्याय होत असेल तर तोही दूर झाला पाहिजे. पण त्या जागा पुरुषांसाठीच राखून, तुमचं काम ही नैसर्गिक माया आहे, असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. अंगणवाडीच्या बाईला तिच्या आईपणाच्याच नावाने पेन्शनबाहेर ठेवलं गेलं. ती ममतेने करते, हा तिचा गुण. त्याचंच रूपांतर तिच्या तोट्यात झालं.

दुसरे म्हणतात, एवढा पैसा आणायचा कुठून? आमच्या डोंगरात वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकर राहतात. वारल्यांची धान्याची देवता कणसरी. नवं धान्य आलं की आधी देवाचा वाटा निघतो, मग घरचे खातात. पीक कमी आलं तरी वाटा निघतोच, लहान निघतो एवढंच. उरलं तर देऊ, असं देण्याबद्दल कोणी म्हणत नाही. ज्यांच्याकडे पोतंभर नागली नाही त्यांना हा क्रम समजतो. ज्यांच्या हाती राज्याचा अर्थसंकल्प आहे, त्यांना तो समजू नये असं नाही.

आणि तिसरे, माझेच आप्त, म्हणतात की अहो गुरुजी, तुमच्या मागे वहिनींना तुमची पेन्शन आहेच की. याचं उत्तर मला सर्वांत कठीण जातं, कारण ते आपुलकीने म्हटलेलं असतं. माझ्या मागे तिला मिळेल ते माझ्या कामाचं. तिच्या मदतनीस बाईचं काय? ती कातकरी वाडीतली, लवकर विधवा झालेली, नवरा जन्मभर भट्टीवर राबला. तिच्या नवऱ्याने कोणाची पेन्शन मागे ठेवली? बाईचं म्हातारपण तिने कोणाशी लग्न केलं यावर ठरत असेल, तर तिच्या स्वतःच्या तीस वर्षांच्या कर्माला आपण कर्म मानलंच नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. आपल्या शास्त्रात प्रत्येकाचं कर्म ज्याचं त्याचं असतं, नवऱ्याचं बायकोला लागत नाही आणि बायकोचं नवऱ्यात बुडत नाही.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, ग्रॅच्युइटी आणि मासिक पेन्शन त्यांच्या मागण्यांत होती. तो संप पन्नास दिवसांहून जास्त चालला. पहिल्या संपाला आमची शिक्षक मंडळी हक्काची लढाई म्हणत होती. दुसऱ्या संपाच्या वेळी त्यांतलेच काही विचारत होते, लहान मुलांच्या तोंडचा घास का थांबवता? शाळा बंद ठेवली तेव्हा मुलांचं शिक्षण थांबलं होतं, त्याची आठवण कोणाला झाली नाही. एकाने मागितला तो हक्क आणि दुसरीने मागितलं की ती निष्ठुर, हा भेद आपल्या मनात खोल बसला आहे. पेन्शनचे नियम त्या मनातूनच येतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटी दिली आहे, ती प्रत्येक सेविकेला आणि मदतनिसाला न मागता मिळावी. आदिवासी पाड्यावरच्या बाईला त्यासाठी वकील शोधायला लावू नये. मासिक पेन्शन तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या रुजू होण्याच्या तारखेपासूनची वर्षं धरून सुरू व्हावी, आणि ज्यांचं वय उलटलं त्यांचा वाटा सरकारने भरावा. कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे की सेविकेचा सत्कार करताना निष्काम कर्माचा उपदेश तिला करू नका. तो तिला ठाऊक आहे, ती तो जगली आहे. समोर बसलेल्या सरपंचाला, आमदाराला आणि आम्हा पेन्शनरांना घेतलेल्याची परतफेड सांगा. आणि आम्हा निवृत्त शिक्षकांच्या तालुक्याच्या बैठकीत आपल्या वाढीव महागाई भत्त्याच्या ठरावाआधी अंगणवाडीच्या पेन्शनचा ठराव घ्यावा, हा विषय मी येत्या बैठकीला लेखी देणार आहे. आपल्या वर्गात आलेलं प्रत्येक मूल तिने आधी जगवून आपल्या हाती दिलं होतं. आपल्या पेन्शनमध्ये तिचे श्रम आहेत, हे आपण नाही बोललो तर कोण बोलणार?